कॅप्चापाशी अडलेला फॉर्म पुढे कसा न्यायचा: स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी

फॉर्म सगळा भरून झालेला असतो, पासवर्ड टाकलेला असतो आणि एनव्हीडीए, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा आपला स्क्रीन रीडर, म्हणतो, "ग्राफिक". खालचा बाण दाबला की "एडिट, ब्लँक". हा कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे ठरवणारी चाचणी. त्या ग्राफिकमधली पाच-सहा अक्षरं ज्याला दिसतात तो पुढे जातो. आपण घरातल्या कुणाला तरी हाक मारतो, आणि घरात कुणी नसेल तर काम उद्यावर जातं.

मी स्वतः अंध आहे आणि कोपरखैरणेत घरी स्क्रीन रीडर शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथे अडतात ते येत नाही म्हणून नव्हे, तर क्रम चुकतो म्हणून. कॅप्चा समोर आला की लगेच त्याच्याशी झुंज सुरू होते. इयरफोन शोधणं, कीबोर्डची भाषा बदलणं, ओटीपीसाठी फोन आणणं हे सगळं मध्येच आठवतं आणि तोवर पानाची वेळ संपते. म्हणून पुढच्या पायऱ्या दिल्यात त्याच क्रमाने करा.

सगळ्या किज विंडोज आणि एनव्हीडीएच्या आहेत. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही तशी ठेवली असेल तर कॅप्स लॉक.

पायरी १: ब्राउझर उघडण्याआधी

कीबोर्डची भाषा. दिघ्याहून येणारा एक मुलगा सलग तीन दिवस एकाच नोकरीच्या फॉर्मवर अडला होता. कोड बरोबर ऐकायचा, बरोबर टाइप करायचा आणि दर वेळी "इनव्हॅलिड". त्याच्या शेजारी बसून त्याला डावा बाण दाबायला लावला, तर चौकटीत देवनागरी अक्षरं. सकाळी मराठीत पत्र टाइप करून इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्ड, तसंच चालू राहिलं होतं. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी कीबोर्ड आहे ना, हे आधी ऐका.

कॅप्स लॉक. एनव्हीडीए कीसाठी तोच वापरत असाल तर दोनदा पटकन दाबला जाऊन चालू राहतो. बऱ्याच कॅप्चांमध्ये लहान आणि मोठी लिपी वेगळी धरतात, त्यामुळे हे महागात पडतं.

आवाज. मराठी किंवा हिंदी आवाजावर इंग्रजी अक्षरं ऐकली की बी, डी, पी, टी यांची गल्लत होते. कॅप्चापुरता इंग्रजी आवाज लावा आणि वेग कमी करा. एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही दाबून स्पीच सेटिंग्ज उघडा आणि 'से कॅप बिफोर कॅपिटल्स' हा चेकबॉक्स चालू करा. नाहीतर मोठं अक्षर फक्त जरा चढ्या सुरात येतं, आणि घाईत ते निसटतं.

इयरफोन वायरचे घ्या. बऱ्याच ब्लूटूथ इयरफोनमध्ये आवाज सुरू होताना पहिला शब्द कापला जातो. ऑडिओ कॅप्चात तो एक शब्द गेला की सगळंच गेलं.

ब्राउझर. इन्कॉग्निटो नको, व्हीपीएन बंद, कुकीज चालू. नेहमीच्या ब्राउझरमध्ये, नेहमीच्या खात्यात लॉगिन असताना 'आय ॲम नॉट अ रोबोट' बऱ्याचदा नुसती टीक केल्यावर सुटतो. अनोळखी ब्राउझर आणि व्हीपीएन असले की तोच कॅप्चा संशय घेऊन लांबलचक परीक्षा घेतो.

नोटपॅड. नाव, पत्ता, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, जे काही लागणार आहे ते एका फाइलमध्ये लिहून ठेवा. कोड चुकला की बरीच पोर्टलं अर्धा फॉर्म पुसून टाकतात. मजकूर हाताशी असेल तर पुन्हा भरायला दोन मिनिटं पुरतात. पासवर्ड मात्र या फाइलमध्ये ठेवू नका.

तपासा: नोटपॅडमध्ये लहान-मोठी मिळून पाच इंग्रजी अक्षरं टाइप करा आणि डाव्या बाणाने एकेक वाचा. मोठ्या अक्षराआधी "कॅप" ऐकू आलं आणि अक्षरं बरोबर निघाली तरच पुढे चला.

पायरी २: कॅप्चा टाळता येतो का ते आधी पाहा

ही पायरी लोक सर्रास सोडून देतात, आणि निम्मा त्रास इथेच वाचतो.

आयआरसीटीसीच्या लॉगिन चौकटीत कॅप्चाच्या आसपास 'लॉगिन अँड बुकिंग विथ ओटीपी' असा चेकबॉक्स आहे. एक्स (पुढच्या चेकबॉक्सवर नेणारी की) दाबत गेलात की सापडतो. तो चालू केला की चित्रातल्या अक्षरांच्या जागी नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ठाण्याहून कोकणात जाणारी गाडी पकडायची म्हणून दर गणपतीत शेजाऱ्यांना तिकीट काढायला सांगणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांना हा चेकबॉक्स कुणी सांगितलाच नव्हता.

बँकेचं काम असेल तर संकेतस्थळाऐवजी ॲप पाहा. तिथे बऱ्याचदा एमपिन किंवा बोटाचा ठसा चालतो आणि कॅप्चा येतच नाही.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जा, तिथून साइन-इन अँड सिक्युरिटी आणि मग 'ऑटोमॅटिक व्हेरिफिकेशन' चालू ठेवा. आयओएस १६ पासून ही सोय आहे. ज्या संकेतस्थळांनी ती स्वीकारली आहे तिथे फोनच तुमच्या वतीने खात्री देतो आणि कॅप्चा दिसत नाही.

एचकॅप्चा नावाचा प्रकार वारंवार समोर येत असेल, तर त्याच्या संकेतस्थळावर दृष्टिबाधितांसाठी ईमेल नोंदवायची सोय आहे. ईमेलवर आलेल्या दुव्यावरून ब्राउझरमध्ये एक कुकी बसते आणि मग चित्रं ओळखायला लागत नाहीत. ब्राउझरमध्ये थर्ड-पार्टी कुकीज बंद असतील तर ही कुकी उपयोगी पडत नाही. "मी नोंदणी केली, तरी चित्रं येतात" ही तक्रार बहुतेक वेळा त्यातूनच येते.

पायरी ३: समोर काय आहे ते ओळखा

पानावर वरपासून खालपर्यंत बाणाने एकदा जा, काहीही न दाबता.

"ग्राफिक" आणि त्याखाली एडिट चौकट असेल तर चित्रातली अक्षरं. सरकारी पोर्टलांवर हेच जास्त.

"आय ॲम नॉट अ रोबोट, चेकबॉक्स" असेल तर गूगलचा रीकॅप्चा. त्याला ऑडिओचा पर्याय आहे.

"पाच अधिक तीन किती" असं सरळ वाचलं गेलं तर उत्तर टाका आणि पुढे जा.

"स्लाइडर" किंवा तुकडा ओढून जागेवर बसवायला सांगणारं काही असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर त्यात वेळ घालवू नका. सरळ पायरी ६ वर जा.

सावध: हल्ली कॅप्चाच्या नावाखाली एक फसवणूक चालते. पान सांगतं, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर." यातून तुमच्याच हाताने संगणकावर माहिती चोरणारा प्रोग्राम चालवला जातो. माउस वापरणाऱ्याला ही सूचना निदान विचित्र तरी वाटते. आपण दिवसभर किजनेच काम करतो, त्यामुळे ती आपल्याला अगदी सोयीची वाटते, आणि म्हणून धोका आपल्याला जास्त. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. "पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा" असं सांगून नोटिफिकेशनची परवानगी मागणारं पानही बंद करा. चुकून किज दाबल्या गेल्याच, तर लगेच इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि पैशांचा प्रश्न असेल तर १९३० वर फोन करा.

पायरी ४: चित्रातली अक्षरं

क्रम असा:

१. आधी बाकीचा सगळा फॉर्म भरा. कोडची मुदत पान उघडल्यापासून मोजली जाते, हे लक्षात ठेवा. कोड जुना झाला असेल तर रिफ्रेश करून नवा घ्या.

२. चित्राजवळ ऑडिओचं बटण आहे का ते बी (पुढचं बटण) आणि जी (पुढचं चित्र) दाबून शोधा. बऱ्याच ठिकाणी दोन बटणं शेजारी-शेजारी असतात, दोन्हींना नाव नसतं आणि एनव्हीडीए दोन्हींना नुसतं "बटण" म्हणतो. त्यातलं एक ऑडिओचं आणि एक रिफ्रेशचं. एंटर दाबल्यावर आवाज आला तर उत्तम. काहीच ऐकू आलं नाही, तर कोड बदलला असं धरून चाला. आधी कुणाकडून वाचून घेतलेली अक्षरं आता उपयोगाची नाहीत.

३. ऑडिओ नसेल तर जी दाबून चित्रावर या. सापडत नसेल तर एडिट चौकटीपासून वरच्या बाणाने मागे जा.

४. एनव्हीडीए आणि आर दाबा. विंडोज १० पासून पुढे विंडोजचं ओसीआर चित्रातला मजकूर वाचतं. निकाल वेगळ्या पानासारखा उघडतो. तो ओळीने ऐकू नका, उजव्या बाणाने अक्षर-अक्षर ऐका. एस्केप दाबलं की मूळ पानावर परत. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये याच कामासाठी इन्सर्ट आणि स्पेस, मग ओ, मग चालू विंडोसाठी डब्ल्यू.

५. निकाल कॉपी-पेस्ट करू नका. ओसीआर मध्येच जागा सोडतं आणि ती जागाही कोडमध्ये मोजली जाते. स्वतः टाइप करा.

स्क्रीन कर्टन (पडदा काळा ठेवणारी सोय) चालू असेल तर ओसीआर चालणार नाही. आधी तो बंद करा. चित्र बारीक असेल तर कंट्रोल आणि अधिक दाबून पान मोठं करा.

आडव्या रेषा मारलेली, वाकडी केलेली अक्षरं ओसीआरला जमत नाहीत. शून्य आणि ओ, एक आणि एल, पाच आणि एस यात ते हमखास चुकतं. अशी शंकेची अक्षरं आली की अंदाज बांधू नका, रिफ्रेश करा. पाच-सहा रिफ्रेशमध्ये एखादा स्वच्छ कोड निघतो, असा माझा अनुभव आहे. एआय सहायकाला चित्र दाखवून विचारता येईल असं वाटतं, पण कॅप्चा आहे हे कळल्यावर त्यातले बरेच वाचायला नकार देतात. त्यात वेळ घालवू नका.

तपासा: टाइप केलेला कोड डाव्या बाणाने वाचा. अक्षरं किती, मोठी किती, हे जुळलं की मगच सबमिट.

पायरी ५: ऑडिओ कॅप्चा

हा भाग सर्वांत जास्त चुकतो, म्हणून सविस्तर.

आधी आवाजाची सोय. एनव्हीडीए आणि २ दाबत राहा, टाइप केलेली अक्षरं बोलणं बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत. नाहीतर तुम्ही टाइप करता तेव्हा एनव्हीडीए बोलतो आणि खालचा ऑडिओ झाकला जातो. एनव्हीडीएची २०२४.२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर एनव्हीडीए, ऑल्ट आणि एस दाबा. स्क्रीन रीडर एका कानात आणि ब्राउझरचा आवाज दुसऱ्या कानात जातो. माझ्याकडच्या ज्यांनी हे वापरलं त्यांनी पुन्हा ते सोडलं नाही.

आता रीकॅप्चा:

१. एक्स दाबून चेकबॉक्सवर या, स्पेस दाबा आणि तीन-चार सेकंद थांबा. पुन्हा पुन्हा दाबू नका. "चेक्ड" ऐकू आलं तर काम झालं, थेट सबमिट.

२. परीक्षा उघडली तर बी दाबत 'गेट ॲन ऑडिओ चॅलेंज' बटणावर जा, एंटर दाबा.

३. 'प्ले' बटण शोधा, पण लगेच दाबू नका. आधी आसपास फिरून एडिट चौकट कुठे आहे, 'व्हेरिफाय' कुठे आहे ते पाहून ठेवा.

४. कंट्रोल दाबून एनव्हीडीएला गप्प करा आणि मग प्ले. पहिल्यांदा फक्त ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना लिहा. पहिल्याच फेरीत टाइप करायला जाणारे अर्धं वाक्य हरवून बसतात.

५. एनव्हीडीए आणि टॅब दाबून फोकस एडिट चौकटीत आहे ना ते ऐका. ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरायच्या मोडमध्ये, टाइप केलंत तर तुमचं प्रत्येक अक्षर शॉर्टकट होऊन पानावर भटकवतं. शंका असेल तर एनव्हीडीए आणि स्पेस दाबून टाइप करायचा फोकस मोड घ्या.

६. व्हेरिफाय. "मल्टिपल करेक्ट सोल्युशन्स रिक्वायर्ड" असं आलं तर तुमचं चुकलं असं नाही. त्याला आणखी एक उत्तर हवं आहे. नवा ऑडिओ ऐका.

७. टीक लागली की लगेच सबमिट. ही टीक साधारण दोन मिनिटंच टिकते, मग "व्हेरिफिकेशन एक्स्पायर्ड". कॅप्चा सोडवून मग फाइल अपलोड करायला जाणाऱ्यांची सगळी मेहनत इथे वाया जाते. अपलोड आधी, कॅप्चा शेवटी.

आवाज फारच खरखरीत असेल तर ऑडिओ डाउनलोड करायचा दुवा तिथेच असतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून वेग कमी करून ऐकता येतो. पण हात चपळ हवा, कारण तिकडे वेळ चालूच असते.

सावध: "ट्राय अगेन लेटर" आणि संगणक किंवा नेटवर्ककडून आपोआप विनंत्या येत असल्याचा संदेश आला, तर पुढचे प्रयत्न थांबवा. जितके जास्त प्रयत्न कराल तितकी बंदी लांबते. वाय-फाय सोडून फोनच्या हॉटस्पॉटवर या. नेटवर्क बदललं की बऱ्याचदा वाट मोकळी होते. ऑफिस, वसतिगृह, ग्रंथालय अशा एकाच वाय-फायवर अनेक जण असलेल्या ठिकाणी हे जास्त होतं.

ज्यांना ऐकूही कमी येतं त्यांना ही पायरी उपयोगाची नाही. चित्र दिसत नाही आणि ऑडिओ कळत नाही, अशा माणसाला त्या पानाने बाहेरच ठेवलेलं असतं. त्यांनी पायरी २ वरचे पर्याय पाहावेत, नाहीतर पायरी ६ आणि ८.

पायरी ६: डोळस माणसाची मदत घेताना

मदत मागण्यात कमीपणा नाही. पण फक्त कॅप्चाची मदत मागा.

काही वर्षांपूर्वी मी एका बँकेच्या पानाचा अख्खा स्क्रीनशॉट काढून शेजारच्या ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवायला गेले आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. त्यात माझा ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर होता. डिलीट करेपर्यंत किती जणांनी पाहिला ते मला कधीच कळलं नाही. तेव्हापासून मी चित्र पाठवत नाही. पाठवायचंच झालं तर बाकीचा फॉर्म भरायच्या आधी पाठवते. म्हणजे त्यात कॅप्चाशिवाय काही नसतं.

फोनवर वाचून घेणं जास्त सुरक्षित. अडचण एकच, इंग्रजी अक्षरं फोनवर सारखी ऐकू येतात. त्यासाठी आम्ही आपल्या लोकलची स्टेशनं वापरतो: ए ऐरोली, बी बेलापूर, डी दिघा, जी घणसोली, जे जुईनगर, के कोपरखैरणे, एम मुलुंड, एन नेरुळ, पी पनवेल, आर रबाळे, एस सानपाडा, टी ठाणे, व्ही वाशी. मोठं अक्षर असेल तर आधी "मोठा" म्हणायचं. "मोठा वाशी, नेरुळ, सात, मोठा दिघा" असं वाचलं की घरातली सातवीतली पोरसुद्धा एकदाही चुकत नाही. स्टेशनांत न बसणाऱ्या अक्षरांना तुमच्या घरात चालणारे शब्द ठरवून ठेवा.

अनोळखी स्वयंसेवक असतील, बी माय आइज सारख्या ॲपवरचे, तर कॅमेरा फक्त कॅप्चावर धरा. आधार, पॅन, बँकेचं पान त्यांना दाखवू नका. ओटीपी आणि पासवर्ड कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही. संगणकाचा दूरस्थ ताबा देणारं ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीच टाकू नका.

पायरी ७: "इनव्हॅलिड" आलं तर

पान परत वरपासून उघडतं आणि एनव्हीडीए कधीकधी चूक झाल्याचा संदेश वाचतच नाही. लोकांना वाटतं फॉर्म गेला. एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ दाबून "इनव्हॅलिड" किंवा "एरर" शोधा.

मग पासवर्डची चौकट पाहा. ती बहुतेक रिकामी झालेली असते. कॅप्चा बरोबर टाकूनही पुन्हा चुकतो तो या रिकाम्या पासवर्डमुळे. आणि कोड नवा आहे, जुना पुन्हा टाकू नका.

तीन वेळा चुकलं की उठा. काही पोर्टलं चुकलेले लॉगिन मोजतात आणि खातं बंद करतात.

पायरी ८: ज्या पानावर वाटच नाही, त्याची तक्रार

ऑडिओ नाही, ओटीपी नाही, अशा पानाबद्दल गप्प बसू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर आपल्याला वापरता येईल असा असला पाहिजे, असं सांगतं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये धरला. ते प्रकरण मुख्यतः केवायसीचं होतं, आणि जिवंतपणा तपासताना डोळे मिचकावण्याची सक्ती नको हेही त्यात आलं. त्यामुळे बँकेचं ॲप "ब्लिंक" म्हणून अडवत असेल तर हा निकाल तारखेसह लिहा. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकषही सांगतात की चित्राच्या कॅप्चाला दुसऱ्या इंद्रियाने सोडवता येईल असा पर्याय हवा.

"तुमची वेबसाइट चालत नाही" अशी तक्रार कुणी वाचत नाही. अशी लिहा:

"दि. __ रोजी __ वाजता मी __ या पानावर लॉगिन करत होतो/होते. मी अंध असून एनव्हीडीए __ आवृत्ती वापरतो/वापरते. कॅप्चाच्या जागी स्क्रीन रीडर फक्त 'ग्राफिक' म्हणतो. ऑडिओ किंवा ओटीपीचा पर्याय नाही. त्यामुळे मला __ हे काम करता आले नाही. कृपया मोबाइल ओटीपीचा पर्याय द्यावा आणि तोपर्यंत माझे काम अन्य मार्गाने करून द्यावे."

शेवटचं वाक्य विसरू नका. पान सुधारायला महिने लागतील, तुमच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र पुढच्या आठवड्यात असते.

एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूमध्ये 'स्पीच व्ह्यूअर' आहे. तो एनव्हीडीए जे बोलतो ते पडद्यावर लिहून दाखवतो. तो उघडा ठेवून पानाचं चित्र काढा आणि तक्रारीला जोडा. डोळस अधिकाऱ्याला आपल्याला काय ऐकू येतं हे वाचता येतं आणि वादच राहत नाही. चित्र काढण्याआधी नाव आणि पासवर्डच्या चौकटी रिकाम्या करा.

तक्रार आधी त्या खात्याच्या किंवा बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. क्रमांक नोटपॅडच्या त्याच फाइलमध्ये ठेवा. उत्तर आलं नाही तर तो क्रमांक देऊन राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लिहा, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. केंद्राचं खातं असेल तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. "दुरुस्त केले" असं उत्तर आलं तर त्यावर विसंबू नका. त्याच दिवशी पान उघडा, जी दाबा, बी दाबा आणि आता काय ऐकू येतं ते बघा.